तिच्या नाडीची वही

माझ्या पत्नीच्या शरीराविषयी एक वही लिहिली जाते, हे मला लग्नाच्या तिसाव्या वर्षी कळले. ती वही माझ्याआधी दुसऱ्या एका पुरुषाने वाचली होती, हेही त्याच क्षणी कळले. कारण पानोपानी त्याच्या लाल शाईतले शेरे होते.

मी स्टेपलर शोधत होतो. वही फ्रिजवर, जुन्या कॅलेंडराखाली होती. साधी दोनशे पानी शाळकरी वही. रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, उठण्यापूर्वीची नाडी, रक्तदाबाचे दोन आकडे, झोप, आणि शेवटच्या रकान्यात ‘गरमी’ असे लिहून त्याखाली मोजणीच्या काड्या. कुठे दोन काड्या, कुठे पाच. त्यांच्या शेजारी लाल अक्षरांत ‘बहुत बढ़िया’, ‘आज सीढ़ी नहीं, सिर्फ चलना’, ‘नींद कम है दीदी, ध्यान दें’. पहिल्या पानावर मात्र तिने मराठीत, स्वतःला समजावे अशा रीतीने, डॉक्टरीणबाईंचे म्हणणे उतरवून ठेवले होते. पाळी थांबण्याच्या सुमारास शरीरातले एक संप्रेरक कमी होते; ते इतकी वर्षे रक्तवाहिन्या मऊ, लवचिक राखत असे. आता त्या ताठरू लागतील, रक्तदाब आणि चरबी वाढायला निमित्त मिळेल, आणि याच वयात बायका हृदयाकडे दुर्लक्ष करतात. रोज भराभर चालणे, आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, नियमाने. नियमाने या शब्दाखाली दोन रेघा.

यातले एकही वाक्य तिने मला सांगितले नव्हते.

डॉक्टरीणबाईंकडे तिला घेऊन मीच गेलो होतो. शंकर नगरातल्या त्या दवाखान्यात परिचारिकेने मला “आप बाहर बैठिए” असे सांगितले आणि मी बाहेर बसून भिंतीवरच्या सूचनाफलकातील चुका काढत राहिलो. पत्नी बाहेर आली तेव्हा तिने एवढेच सांगितले, “बीपी वाढून राहिलं म्हणते. चालाले सांगितलं.” मी ते तेवढेच आहे असे धरून चाललो. मी त्रेसष्ट वर्षांचा, ती बावन्न. आजाराची पाळी आधी माझी, असे एक गृहीत आमच्या घरात होते.

मी कोण, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी येथे, या हिंदी बोलणाऱ्या शहरात आले. तोंडी विनवण्या करून त्यांना कधी काही मिळाले नाही. क्वार्टर मिळाले ते लेखी अर्जावर. ‘बोललेलं हवेत जाते, लिवलेलं फायलीत राहते,’ हे त्यांचे सांगणे मी पाठ केले. नोकरी करता करता कायद्याची पदवी घेतली, एका सरकारी खात्याच्या विधी शाखेत आयुष्य काढले, आणि निवृत्तीनंतर पत्रे लिहू लागलो. नाल्यांविषयी, दिव्यांविषयी, रस्त्यावर चढवलेल्या उतारांविषयी. प्रत्येक पत्राची प्रत मी ठेवतो. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘केलेल्या कारवाईची लेखी माहिती अर्जदारास घरच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने देण्यात यावी’ असे वाक्य घालतो. आणि प्रत्येक पत्र पाठवण्यापूर्वी पत्नीला वाचून दाखवतो. ती भाजी निवडत ऐकते आणि म्हणते, “हे वाक्य लय लंबं झालं जी. तो साहेब मधातच झोपून जाईन.” बहुतेक वेळा ते खरे असते.

दवाखान्यातून आल्यावर तिला चालवण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. संध्याकाळी आम्ही दोघे निघत असू. पण वाटेत उघडे गटार दिसले की मला थांबून त्याचे ठिकाण टिपून घ्यावे लागे. कुणी फाटकाबाहेर कट्टा बांधलेला दिसला की त्याची लांबी पावलांनी मोजावी लागे. ती उभी राही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “असं थांबून थांबून चालनं म्हणजे चालनं नाई जी. हे तर पंचनामा करनं झालं.” सहाव्या दिवशी ती सकाळी सहा वाजता एकटीच बाहेर पडली.

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लहानशा उद्यानात पंचेचाळिशी ओलांडलेल्या दहा-बारा बायका व्यायाम करतात, हे मला माहीत होते. बुद्धविहारात भेटणारी शेजारीण तिला तेथे घेऊन गेली. त्यांना शिकवणारा गृहस्थ बीरगांवच्या एका शाळेतून निवृत्त झालेला क्रीडाशिक्षक. साठीच्या आतला, पाठ ताठ, पोट नाही, पांढरे कॅनव्हासचे बूट. फी घेत नाही. तो विधुर आहे, ही माहिती मी दुसऱ्याच दिवशी मिळवली.

तिसऱ्या आठवड्यात पत्नी शेजारणीबरोबर पंडरीच्या कापडबाजारात जाऊन दोन काळ्या ट्रॅक-पँट घेऊन आली. तीस वर्षे मी तिला साडीत आणि अलीकडे सलवारीत पाहिले होते.

“हे काय आहे?” मी विचारले.

“पँट हाये.”

“कोणासाठी?”

“माह्या पायांसाठी,” ती म्हणाली आणि घडी घालू लागली.

मी उद्यानाबाहेर, पलीकडच्या रपट्यावर, नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, वर्तमानपत्र घेऊन बसू लागलो. ते कृत्य मी त्या वेळी पाळत म्हणून ओळखले नाही. ताज्या हवेचा माझाही हक्क आहे, असे मी मनाशी मांडले होते. लोखंडी जाळीतून सगळे दिसे. वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन बायका हात वर-खाली करत. बाकावर बसत आणि हात न टेकता उठत. मग उद्यानाच्या कडेने फेऱ्या सुरू होत आणि तो गृहस्थ कधी पुढे, कधी मागे चालत सर्वांना सांगे, “बोलते रहिए दीदी, बोलते रहिए! बोल सकें, पर गा न सकें, बस वही चाल रखनी है।”

हा नियम मला नंतर कळला तो असा: चालताना गाता आले तर चाल मंद आहे, बोलताही येईना झाले तर ती अती झाली. हृदयाला जेवढे हवे तेवढे काम मिळाल्याची ती साधी खूण. नियम शास्त्रशुद्ध असेल. पण त्या नियमाने माझ्या पत्नीला रोज पाऊण तास बोलणे सक्तीचे केले होते, आणि ती बोलत होती. हात हलवून, मान वळवून, धाप लागत, हसत बोलत होती. घरी माझ्याशी ती उत्तरे देते. तेथे ती विषय काढत होती. काय बोलत होती ते मला जाळीबाहेर ऐकू येत नव्हते, आणि ते ऐकू येत नाही याचा मला असा मत्सर वाटू लागला की दोनदा मी वर्तमानपत्र उलटे धरलेले माझ्याच लक्षात आले.

त्यात ती वही सापडली.

त्याच दुपारी मी महापालिकेच्या झोन कार्यालयाला अर्ज लिहिला. सार्वजनिक उद्यानाचा विनापरवानगी सामूहिक वापर. वैद्यकीय अर्हता नसलेल्या व्यक्तीकडून महिलांच्या प्रकृतीविषयी सल्ला. लहान का होईना पण ध्वनिवर्धक. दुर्घटना घडल्यास उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न. अडीच पाने. एकही विधान असत्य नव्हते. तेव्हा ती आत कपड्यांना इस्त्री करत होती. हा एक अर्ज मी तिला वाचून दाखवला नाही.

पंधरवड्याच्या आत उद्यानाच्या फाटकावर सूचना लागली. परवानगीवाचून सामूहिक कार्यक्रम बंद. पत्नी त्या सकाळी दहा मिनिटांत परत आली, बूट काढून कपाटाच्या खालच्या खणात ठेवले, आणि कणीक मळायला बसली. मी विचारले, “आज लवकर?”

“बंद केलं त्याहिनं. कोनं तरी अर्ज देला म्हणते.”

“असं का,” मी म्हणालो.

तीन दिवस मी आनंदात होतो, हे लिहून ठेवतो. पुरावा म्हणून ते नमूद असलेले बरे. तीन दिवस तिच्या हातात बाटल्या नव्हत्या, तोंडात ‘सर म्हणत होते’ नव्हते. मग ती गच्चीवर एकटी फेऱ्या मारू लागली. चैत्राचे ऊन साडेसहालाच अंगावर येते. चार दिवसांत तेही थांबले. तिने सकाळचा भात आणि भाजी पूर्वीसारखीच वेळेवर केली, पण जिना चढून आली की कठड्याला धरून उभी राहू लागली.

आणि वही चालू होती. पत्नी दुपारी आडवी झाली की मी वही काढून वाचत असे. लाल शाई गेली होती. उरले होते फक्त निळे आकडे, आणि वरचा आकडा चढत होता. एकदम नव्हे, दोनाने, चाराने, एक दिवस खाली येऊन पुन्हा वर. नाडीही. काड्या वाढल्या होत्या. मी आयुष्यभर कागद वाचून पक्षकारांचे भवितव्य ओळखले आहे. हा कागदही मला वाचता येत होता. पहिल्या पानावरच्या त्या ताठरत जाणाऱ्या वाहिन्या आता मला आकड्यांतून दिसत होत्या, आणि मी तिला ‘डॉक्टरकडे चल’ असे म्हणू शकत नव्हतो. कारण मला कसे कळले, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी फक्त भाजीतले मीठ जास्त झाल्याचे सांगू लागलो. ते झालेले नसे.

तिसऱ्या आठवड्यात मी बँकेतून परत आलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक उघडलेले पाकीट होते. नोंदणीकृत टपाल. पोचपावतीवर पत्नीने सही केली होती. आत हिंदीत दोन ओळी: आपके आवेदन पर कार्यवाही करते हुए उद्यान में बिना अनुमति सामूहिक व्यायाम बंद करा दिया गया है। सूचनार्थ। मी मागितल्याप्रमाणे, घरच्या पत्त्यावर. आजवर कार्यालयांनी माझ्या त्या शेवटच्या वाक्याला केराची टोपली दाखवली होती. या वेळी कुणीतरी ते पाळले.

ती समोरच्या खुर्चीवर बसली होती.

“हे तुमी लिवलं?”

“उद्यानाच्या नियमांनुसार पूर्वपरवानगी...”

“नियम मले नका सांगू. नियम मीबी तीस वर्षं ऐकून राहिली. मले इतकंच सांगा, काहून?”

मी उभाच होतो. “तो माणूस तुझी वही वाचतो.”

“हव, वाचते. मंग?”

“पाळी, झोप, घाम. असल्या गोष्टी तू एका परक्या पुरुषाला सांगतेस. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस.”

ती फार हळू म्हणाली, “सांगितलं व्हतं. सगळ्यात पयलं तुमालेच सांगितलं.”

“कधी?”

“दोन उन्हाळे झाले. सैपाकघरात खाली बसली होती मी. तुमाले म्हटलं, मले आतून आग होऊन राहिली, छाती धडधडून राहिली. काय केलं तुमी?”

मला आठवले. दिवसही आठवला. पंखा मंद फिरत होता. मी त्याच दुपारी वीज कार्यालयाला कमी दाबाविषयी पत्र लिहिले होते, कलमे घालून, आणि महिन्याभराने गल्लीच्या कोपऱ्यावरचा खांब आणि तारा बदलून मिळाल्या होत्या. त्या यशाची हकिकत मी सगळ्या नातेवाइकांना सांगितली होती. पत्राची प्रत माझ्या फायलीत आहे. तिचा त्या वेळचा चेहरा मात्र मला आठवेना. मी तो पाहिलाच नसावा.

“मी आग आग म्हणून राहिली व्हती,” ती म्हणाली, “अन् तुमी खांब बदलवला.”

मी खुर्चीवर बसलो.

“सरांनी काई जादू नाई केली. इचारते, अन् मंग चूप बसते. तुमाले एक सांगितलं का तुमी कागद काढता. म्हून नाई सांगत मी. बस.”

“मी तक्रार मागे घेतो,” मी म्हणालो. “आजच लिहितो.”

“नाई!” तिचा आवाज चढला तसा तिने स्वतःच छातीवर हात ठेवला आणि श्वास घेऊन तो खाली आणला. “आता एकबी कागद नाई. जा, अन् त्याहिले तोंडानं सांगा का मी केलं म्हून.”

तोंडाने सांगणे म्हणजे काय असते, हे माझ्यासारख्यालाच ठाऊक. कागदावर माणूस ‘अधोस्वाक्षरीकर्ता’ असतो. समोर उभा राहिला की त्याला हातांचे काय करावे ते सुचत नाही. दुसऱ्या सकाळी तो गृहस्थ बंद फाटकाबाहेर एकटाच हात फिरवत उभा होता. मी जाऊन म्हणालो, “वह शिकायत मैंने की थी।”

“मालूम है भाई साहब,” तो म्हणाला. “मुझे ऑफिस में बुलाकर पढ़वाया था। ‘उत्तरदायित्व का प्रश्न अनुत्तरित रहता है’, अब ऐसी भाषा अपने पारा में और कौन लिखेगा?” तो हसला. त्या हसण्यात विष शोधले, सापडले नाही.

“मग तुम्ही...” मी मराठीत सुरू होऊन हिंदीत आलो, “आपने मेरी पत्नी को बताया क्यों नहीं?”

“बताता तो दीदी का बीपी बढ़ जाता।”

मला तेव्हा त्याच्या पांढऱ्या बुटांवर पाय द्यावासा वाटला. माझ्या हातून तिचा रक्तदाब वाढत असताना, माझे नाव झाकून, तो वाढू नये याची काळजी या माणसाने घेतली होती. वैऱ्याने अपकार करावा. निदान हिशेब सरळ राहतो. मी क्षमा मागितली. त्याने माझा हात धरला. त्याची पकड भक्कम होती, आणि तिचाही मला राग आला.

परवानगीचा अर्ज बायकांनीच केला. पत्नीने तो शेजारणीच्या ओसरीवर बसून लिहिला आणि मला दाखवला नाही. मी नंतर विचारल्यावर इतके कळले, की हिंदीत चार ओळी होत्या: आम्ही अमुक वयाच्या स्त्रिया आहोत, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे, सकाळी सहा ते सात जागा हवी, ध्वनिवर्धक लावणार नाही. खाली अकरा सह्या. कोणत्याही कलमाचा उल्लेख नव्हता. परवानगी आठ दिवसांत मिळाली. माझ्या अडीच पानांनी बंद केलेले फाटक चार ओळींनी उघडले, याचाही मला हेवा वाटला. तो वाङ्मयीन स्वरूपाचा असल्याने मी तो कुणापाशी बोललो नाही.

दरम्यान ती शेजारणीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. त्यांनी एक लहान गोळी सुरू केली आणि बजावले, की गोळी व्यायामाच्या जागी नाही, व्यायामाच्या जोडीला आहे. बंद पडला तर पुन्हा सुरू करा, पण सुरू करा. हे तिने मला सांगितले. कोरडेपणाने, पण सांगितले. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती कठडा न धरता जिना चढू लागली.

माझा मत्सर गेला, असे मी लिहिणार नाही. मी आता रपट्यावर बसत नाही. सहा वाजता ती बूट बांधत असते तेव्हा मी चहा ठेवतो आणि दार लोटल्याचा आवाज आला की घड्याळ पाहून ठेवतो. वहीला मी हात लावत नाही, आणि तिने ती मला आपणहून दाखवलेलीही नाही.

परवा दुपारी मात्र असे झाले. ती ओट्यापाशी दोडके चिरत होती, मी टेबलाशी चष्मा पुसत होतो. एकाएकी तिने सुरी बाजूला सारली, ओट्याची कड धरली आणि म्हणाली, “आलं.”

मानेपासून कानापर्यंत तिचा रंग बदलत गेला. केसांच्या मुळाशी घाम उभा राहिला. मी उठलो.

“काय करू?”

“काई नका करू. बसा.”

मी बसलो. खिशात पेन होते. त्याच्याकडे गेलेला हात मी गुडघ्यावर ठेवला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, पदराने मान टिपत, मोजून श्वास घेत. मला वाटले होते तेवढा वेळ ते चालले नाही. मग तिने खांदे सैल सोडले.

“गेलं.”

“छातीत धडधडतं का त्या वेळी?” मी विचारले.

“धडधडते न.”

मी पुसलेला चष्मा टेबलावर ठेवला. नळ थेंब थेंब गळत होता. ती दोडके पुन्हा चिरू लागली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “भेव वाटते मले. माही माय असंच म्हने. आग होते, धडधडते. घरातले म्हनत, उन्हाचं असन. छप्पन्नची होती फक्त.”

तिची आई हृदयविकाराने गेली, हे मला माहीत होते. मी स्मशानात उभा होतो. तिला त्या वयाची भीती वाटते, ते वर्ष ती जवळ येताना पाहते आहे, हे मला माहीत नव्हते. हे तिने आणखी कुणाला सांगितले आहे का, त्या फेऱ्यांमध्ये, धापा टाकत, त्याला सांगितले आहे का, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकाशी आला. मी तो विचारला नाही. मी म्हणालो, “आईंविषयी सांग.” तिने सुरी ठेवून खुर्ची ओढली, आणि सांगू लागली.